कारभाराचे शब्द

सुपरवाइज, सुपरिंटेंड, ओव्हरसी, इन्स्पेक्ट, मॅनेज, कंट्रोल, ॲडमिनिस्टर, डायरेक्ट या इंग्रजी क्रियापदांचा अर्थ शाळेंतील मुलास विचारला, तर तो बहुधा एकच उत्तर देतो : 'देखरेख करणें'. मुलगा थोडा हुशार असला तर 'व्यवस्था पाहणें' असें दुसरें उत्तर देतो, आणि तेथें त्याची झोळी रिकामी होते. मुलास दोष देण्याचें कारण नाहीं. लहान कोशांतून त्यास तेवढेंच मिळतें. परंतु हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नव्हेत. कोणी डोळ्यापासून जन्मला, कोणी हातापासून, तर कोणी वहीच्या पानापासून. कोणता शब्द कोणत्या अवयवापासून निघाला हें पाहिलें, म्हणजे त्या त्या काळीं कारभार म्हणजे काय समजत असत, हेंहि दिसून येतें.

ह्या गोष्टीचा पडताळा पाहावयास धाराशिव जिल्ह्याइतकें सोयीचें ठिकाण महाराष्ट्रांत थोडेंच सांपडेल. परंडा आणि नळदुर्ग हे दोन नामांकित किल्ले आणि तुळजापुरास आई भवानीचें ठाणें, असा हा मुलूख. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल व आसफजाही अशा राजवटी त्यानें पाहिल्या. मधलीं सात वर्षें इंग्रजांचा अंमल पाहिला. पुढें मुंबई राज्य व महाराष्ट्र राज्य पाहिलें. शेतांत पिकणारी ज्वारी तीच राहिली, पण तिच्यावर सारा आकारणाऱ्या माणसाचें नांव मात्र दर दोन-तीन पिढ्यांनीं बदलत गेलें.

प्रथम डोळ्याचें घराणें घेऊं. लॅटिनमध्यें 'सुपर' म्हणजे वर आणि 'विदेरे' म्हणजे पाहणें, त्यावरून सुपरवाइज. शुद्ध इंग्रजी धातूंचा 'ओव्हरसी' त्याच अर्थाचा, आणि जमीन मोजणारा सर्व्हेयर हाहि फ्रेंच वाटेनें आलेला त्याच घरचा. ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा. ख्रिस्ती धर्मांतील बिशप हा शब्द त्याचाच झिजलेला अवशेष आहे. आपल्या संस्कृतांत 'अध्यक्ष' हा शब्द नेमका असाच बनला आहे : अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें दुसरें अधिकरण 'अध्यक्षप्रचार' या नांवाचें आहे. त्यांत सूत कातविणाऱ्या खात्याचा सूत्राध्यक्ष, सरकारी शेतीचा सीताध्यक्ष, गाईंचा गोऽध्यक्ष अशी मोठी रांग उभी आहे. ते अध्यक्ष कोठारांत, गोठ्यांत आणि शेतांत हिंडून डोळ्यांनीं पाहणारे होते. आजचा अध्यक्ष खुर्चीत बसतो व हार स्वीकारतो. शब्द तोच; परंतु तो डोळ्यावरून खुर्चीवर आला!

अरबी भाषेनेंहि हीच वाट धरली. 'नजर' या शब्दापासून नाझिर झाला, व तो मराठी कचेरीत नाझर म्हणून ओळखला जाऊं लागला. 'मंजूर' हा शब्द त्याच धातूचा. मंजूर म्हणजे मुळांत नजरेखालून गेलेलें. 'ऐन' म्हणजे डोळा, त्यावरून मुआयना, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन केलेली पाहणी. 'मुलाहिजा' हाहि मूळचा पाहण्याचाच शब्द. पण मराठींत त्याचा अर्थ भीड, आदर असा झाला. गंमत अशी कीं, इंग्रजींतील रिस्पेक्ट हा आदरवाचक शब्दहि 'वळून पाहणें' या अर्थाच्या लॅटिन धातूपासूनच निघाला आहे. ज्याच्याकडे पुन्हां पाहावेंसें वाटतें तो आदरणीय, अशी दोन दूरच्या लोकांची समजूत एकच ठरली.

दुसरें घराणें हाताचें. मॅनेज हा शब्द इटालियन 'मानेज्जारे' या शब्दावरून आला. 'मानो' म्हणजे हात. आणि हा हात मूळचा घोड्याच्या लगामावरील हात होय. घोडा शिकविणें, त्यास चालीवर आणणें, यास तो शब्द लावीत. इंग्रजांनीं सोळाव्या शतकांत तो उचलला व पुढें घोड्यावरून घरावर, घरावरून पेढीवर नेला. मराठी कुणब्यास हें सांगावें लागत नाहीं. तो घोडेस्वार नसला तरी गाडीवान आहे. 'संसाराचा गाडा हाकणें', 'वेसण घालणें', 'कासरा सैल सोडणें' हे त्याचे शब्द मॅनेजच्या जातीचेच आहेत, आणि खरें सांगावयाचें तर 'व्यवस्थापन' या शब्दापेक्षां अधिक जिवंत आहेत. गव्हर्न हा शब्द ग्रीक खलाशांचा. त्याचा अर्थ सुकाणूं धरणें. संस्कृतांत त्याच कल्पनेचा 'कर्णधार' आहे. पण तेरणा, सीना आणि बोरी या नद्यांच्या कांठीं, जेथें उन्हाळ्यांत पात्रांत झरे खणावे लागतात, तेथें नावेवरचा शब्द लोकांच्या तोंडीं बसला नाहीं, यांत नवल काय? तेथें बैलाचा शब्द बसला.

ॲडमिनिस्टर या शब्दांत 'मिनिस्टर' बसलेला आहे, आणि मिनिस्टर म्हणजे मुळांत सेवक, चाकर. लॅटिनमध्यें 'मायनस' म्हणजे कमी व 'मॅजिस' म्हणजे अधिक. एकापासून मिनिस्टर झाला व दुसऱ्यापासून मास्टर. व्युत्पत्तीच्या न्यायानें पाहिलें तर मंत्री लहान आणि मास्तर मोठा ठरतो. व्यवहारांत तसें घडत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे.

तिसरें घराणें वहीचें, आणि कारभाराच्या इतिहासांत तेंच अधिक महत्त्वाचें. कंट्रोल या शब्दाचा अर्थ आज आपण दाबून धरणें असा समजतों. मूळ शब्द 'काँत्र-रोल', म्हणजे उलट-वही. एका कारकुनानें हिशेबाची एक गुंडाळी लिहावयाची आणि दुसऱ्यानें स्वतंत्रपणें दुसरी लिहावयाची. मग दोन्ही ताडून पाहावयाच्या. जो दुसरी गुंडाळी ठेवी तो कंट्रोलर. पुढें लोक मूळ विसरले व 'काँत' म्हणजे हिशेब या फ्रेंच शब्दाशीं घोटाळा करून त्यांनीं काँप्ट्रोलर असें विचित्र लेखन रूढ केलें. तें आजहि दिल्लीच्या मोठ्या हिशेबतपासनिसाच्या पदनामांत टिकून आहे. ऑडिट म्हणजे ऐकणें. कारण पूर्वी हिशेब मोठ्यानें वाचून दाखवीत व अधिकारी ते ऐके. मराठींतील 'रुजुवात' त्याच कामाची.

शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर हेंच तत्त्व होतें. किल्ला एकाच माणसाच्या हातीं न देतां हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे नेमीत. कोठाराकडे कारखानीस असे. हवालदाराच्या हवालीं किल्ला, पण लिहिणें सबनिसाकडे. 'नीस' हें फार्सी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. ज्याच्या हातांत किल्ल्या, त्याच्या हातांत वही नाहीं. आणि ज्याच्या हातांत वही, त्याच्या हातांत किल्ल्या नाहींत. युरोपांतील काँत्र-रोल याहून निराळा नव्हता. कंट्रोल म्हणजे 'नियंत्रण' असा शब्द आपण घडविला, तेव्हां बांधण्याची कल्पना घेतली आणि ताडून पाहण्याची कल्पना गमावली. हा तोटा लहान नव्हे.

शब्द बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्नहि शिवकालींच झाला. १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, आणि त्यानंतर महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला. फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत दुर्गवर्ग व लेखनवर्ग हे कारभाऱ्याच्या विशेष उपयोगाचे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापति. यांतील कांहीं शब्द टिकले, कांहीं शिक्क्यापुरतेच राहिले. पंतप्रधान हा शब्द शिक्क्यावर असूनहि पुण्याचे पेशवे हे लोकांच्या तोंडीं पेशवेच राहिले, हें विसरतां येत नाहीं. राजाज्ञेनें शब्द दप्तरांत घालतां येतो; ओसरीवर बसविण्यास आणखी कांहीं लागतें.

धाराशिवकडचा मुलूख त्या वेळीं स्वराज्याच्या दप्तराखालीं नव्हता, व पुढें तो हैदराबादच्या आसफजाही अंमलांत राहिला. तेथें १८५३ सालीं एक अकल्पित फेर घडला. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं निजामाकडे इंग्रजांची बाकी सांचली होती. तिच्या फेडीसाठीं त्या सालच्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेला. नळदुर्गास डेप्युटी कमिशनर म्हणून आला तो कर्नल मेडोज टेलर. ठगाच्या कबुलीजबाबाची प्रसिद्ध कादंबरी त्यानें १८३९ सालींच लिहिली होती. पुढें १८६३ सालीं त्यानें तुळजापूरची नायिका घेऊन 'तारा' लिहिली. १८५७ सालीं त्याची वऱ्हाडांत बदली झाली, आणि १८६० च्या तहानें नळदुर्गचा मुलूख निजामास परत मिळाला. सात वर्षांत इंग्रजी शब्द रुजावयाचे ते थोडेच रुजले. परंतु 'कमिशनर' या शब्दाकडे लक्ष द्यावें. त्याचा अर्थ ज्यास काम सोंपविलें तो. तो मालक नव्हे, मक्तेदारहि नव्हे. ही कल्पना त्या मुलखांत त्या काळीं अगदीं नवी होती.

नवी म्हणण्याचें कारण असें. त्यापूर्वींचा तालुकदार हा बहुधा इजारदार असे. अमुक रकमेचा महसूल देतों असें कबूल करून तो मुलूख घेई व रयतेकडून वसूल करी. अरब आणि रोहिले सावकारांकडेहि असे मुलूख गहाण पडत. 'तअल्लुक' म्हणजे संबंध. तालुकदाराचा संबंध पैशाशीं होता. पहिले सालारजंग मीर तुराब अली खान हे १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. त्यांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी केली आणि अव्वल, दुय्यम व सुय्यम असे पगारी तालुकदार नेमले. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा मुख्य, मुंबई इलाख्यांतील कलेक्टराच्या बरोबरीचा. कालपर्यंत तालुकदार म्हणजे मक्तेदार, आजपासून तालुकदार म्हणजे सरकारी नोकर! नांव तसेंच ठेवून काम बदलणें हें नांव बदलून काम तसेंच ठेवण्यापेक्षां कठीण असतें, आणि तें सालारजंगांनीं केलें. त्यांच्या धोरणांतील इतर गोष्टींविषयीं मतभेद असो, या एका कामाचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

निजाम या पदवीकडेहि पाहण्यासारखें आहे. अरबींत 'नज्म' म्हणजे मोतीं ओंवणें, ओळीनें लावणें. त्यावरून नाझिम, इंतजाम, मुंतजिम आणि निजाम हे सर्व शब्द निघाले. निजाम-उल्-मुल्क म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. म्हणजे इतर ठिकाणीं राजाच्या पदवींत सिंह, सूर्य किंवा छत्र असतें. हैदराबादेस कारभार हेंच पदवीचें मूळ होतें. त्याच्या कचेऱ्यांत मोहतमिम हा आणखी एक सुंदर शब्द होता. 'इहतिमाम' म्हणजे काळजी वाहणें. इंग्रजी शब्दांत डोळा आहे, हात आहे, वही आहे, पण काळजी फारशी नाहीं. मराठींत मात्र ती आहे : 'सांभाळणें', 'जपणें', 'निगा राखणें'. त्यांतील 'निगा' हा मूळचा फार्सी निगाह, म्हणजे पुन्हां डोळाच. पण मराठी माउलीच्या घरीं येऊन तो मायेचा झाला.

शब्द सुंदर असला तरी तो कोणास कळतो हा प्रश्न राहतोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या कचेऱ्यांतून फार्सी गेली व उर्दू आली. १९११ सालीं गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून धाराशिवचें उस्मानाबाद झालें. त्यांच्याच कारकीर्दींत १९१७ सालीं भाषांतराचें स्वतंत्र खातें निघालें व १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. इंग्रजी शास्त्रांतील शब्दांस उर्दू प्रतिशब्द घडविण्याचें त्या खात्याचें काम विद्वत्तेच्या दृष्टीनें थोर होतें. परंतु उस्मानाबाद जिल्ह्याच्या रयतेची भाषा मराठी. गांवचा झाडा पटवारी मराठींत लिही, तोहि बहुधा मोडींत. आणि तहसिलीचा हुकूम येई तो उर्दूंत. ज्याच्या जमिनीविषयीं हुकूम, त्यास तो वाचतां येत नसे. मग तो पटवाऱ्याकडे जाई. पटवारी सांगेल तो अर्थ, पेशकार सांगेल ती मुदत! 'मुआयना' होणार एवढें ऐकूनच कुणब्याच्या छातींत धडकी भरे, कारण तो शब्द पाहणीचा कीं जप्तीचा हें त्यास कळत नसे. गांवांत पाटीलहि दोन : महसुलाचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. एवढे डोळे वर असूनहि रयतेस स्वतःचा कागद स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येऊं नये, ही त्या कारभारांतील खरी उणीव होती; आणि ती धर्माची नसून भाषेची व सत्तेची होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापूरकडून हिंदी फौजा नळदुर्गाच्या वाटेनें आंत शिरल्या, आणि पांच दिवसांत हैदराबाद शरण आलें. १९५६ च्या १ नोव्हेंबरास जिल्हा मुंबई राज्यांत आला व १९६० च्या १ मे रोजीं महाराष्ट्रांत. या वेळीं शब्दांची दुसरी मोठी उलथापालथ झाली. तिची तयारी बाहेर पूर्वींच सुरू होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १९३१ सालीं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांचा राज्यकारभाराचा कोश छापला गेला होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली होती. १९६० सालीं महाराष्ट्र सरकारनें भाषा संचालनालय काढलें, १९६२ सालीं पदनामकोश निघाला, आणि १९६४ सालीं राजभाषेचा कायदा झाला. सुपरवायझर पर्यवेक्षक झाला, सुपरिंटेंडंट अधीक्षक, इन्स्पेक्टर निरीक्षक, मॅनेजर व्यवस्थापक, डायरेक्टर संचालक, कंट्रोलर नियंत्रक.

या कोशकारांची पुष्कळ थट्टा झाली. ती सर्वच न्याय्य नव्हती. निरीक्षक, अधीक्षक आणि पर्यवेक्षक या तिघांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें हा एकच धातु आहे, व उपसर्गानें छटा पाडली आहे : बारकाईनें पाहणारा, वर बसून पाहणारा, आणि चोहोंकडे फिरून पाहणारा. इंग्रजींतील भेद राखण्याची ही खटपट खरोखर विचारपूर्वक झाली आहे. शाळेच्या पर्यवेक्षकाचें काम पाहिलें तर नांव यथार्थ आहे; तो वर्गावर्गांतून फिरतोच. चुकलें तें इतकेंच कीं, तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या माणसास पुन्हां एकदां न कळणारा कागद हातीं आला. उर्दू हुकूम समजावून देणारा एक मध्यस्थ गेला आणि संस्कृत शब्द समजावून देणारा अर्जनवीस आला. मोडी जाऊन बाळबोध लिपि आल्यानें अक्षर मात्र वाचतां येऊं लागलें, आणि अर्थ विचारण्याचें धैर्य आलें. हा लाभ मोठाच.

एक उदाहरण पाहिलें म्हणजे या सर्व फेरफाराचें स्वरूप दिसेल. निजामी अंमलांत पांच-पंचवीस गांवांवर हिंडणारा एक अंमलदार असे. त्याचें नांव गिरदावर. फार्सी 'गिर्द' म्हणजे वर्तुळ, भोंवतालचा भाग. मुंबई राज्यांत गेल्यावर त्याच जागेस सर्कल इन्स्पेक्टर म्हणूं लागले. सर्कल म्हणजे वर्तुळ. मराठी राज्यभाषा झाल्यावर तो मंडळ अधिकारी झाला. मंडळ म्हणजे वर्तुळ! तीन भाषांतून फिरून शब्द होता तेथेंच आला. तीच कथा तहसीलदाराची. अरबी 'तहसील' म्हणजे गोळा करणें, वसूल करणें; इंग्रजी कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. कलेक्टराची जागा वॉरन हेस्टिंग्जच्या काळीं १७७२ सालीं बंगाल्यांत निघाली. आज तहसीलदार तालुक्यावर व कलेक्टर जिल्ह्यावर आहे. अर्थानें पाहिलें तर एका वसुलीवाल्यावर दुसरा वसुलीवाला. मराठींत जिल्हाधिकारी हा शब्द करून वसुलीचा अर्थ पुसला, हें चांगलें झालें. दुष्काळांत चारा आणि पाणी पुरविणाऱ्यास वसुलीवाला कां म्हणावें? पटवाऱ्याचा तलाठी झाला, आणि २०२४ सालीं तलाठ्याचें ग्राम महसूल अधिकारी असें नामकरण झालें. उस्मानाबादचेंहि २०२३ सालीं पुन्हां धाराशिव झालें.

तुळजापुरास तर हीं सर्व घराणीं एका आवारांत भेटतात. महंत, भोपे पुजारी, पाळीकर हे जुने हक्कदार. पाळीकर हा शब्द पाळीवरून, म्हणजे देवीची सेवा आळीपाळीनें सांभाळण्याच्या रीतीवरून झाला. निजामी काळांत, १९०९ सालीं, देवळाच्या कारभाराचे नियम झाले. त्यांस 'देऊळ-ए-कवायत' म्हणतात. मराठी देऊळ, फार्सी जोडणी आणि अरबी कवायत, म्हणजे नियम! आतां देवस्थानच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि मंदिराच्या व्यवस्थापकपदाचें काम तहसीलदाराच्या दर्जाचा अधिकारी पाहतो. देवीची पाळी पाळीकराकडे, हिशेब व्यवस्थापकाकडे : किल्ल्या व वही वेगळी ठेवण्याची रीत येथें पुन्हां दिसते.

राहतां राहिला एक शब्द, ज्यास कोणत्याच कोशकारानें हात लावला नाहीं. अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढें केलेला. जुन्या कागदांत गांवच्या पाटलास 'मोकदम' म्हणत. तो गांवाच्या वतीनें सरकारापुढें उभा राही व सरकारच्या वतीनें गांवापुढें. महसुली पाटलांचें वतनी पद १९६२ च्या कायद्यानें गेलें, पण शब्द मेला नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या टोळीवर मुकादमच होता. हजेरी लिहिण्यास मस्टर आलें. मस्टर म्हणजे लॅटिनप्रमाणें 'दाखविणें' : माणूस उभा करून दाखवा, मगच मजुरी. आज भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कित्येक कोयते मिळून एक टोळी, आणि टोळीवर मुकादम. कारखान्याकडून उचल तो घेतो, टोळींत तो वांटतो, आणि कोयता मध्येंच पळाला तर ती बाकी त्याच्या अंगावर बसते. तो टोळीपुढें कारखान्याचा माणूस आणि कारखान्यापुढें टोळीचा माणूस. कारखान्याच्या पगारपत्रकांत त्याचें नांव नसतें. उसाच्या फडांत पर्यवेक्षक म्हणून हांक मारली तर कोणी ओ देणार नाहीं. पहाटे तीन वाजतां गाड्या जुंपावयाच्या त्या मुकादमाच्याच हांकेवर.